बद्रीनानांनी सिंगापुरात जागा धरली

सिंगापुरात उतरल्यापासून बद्रीनानांना कुणी एकही काम सांगितलं नव्हतं. उभी हयात एस.टी.त कंडक्टरकी केलेल्या माणसाला यापेक्षा तुरुंगात टाकलेलं बरं. तिथं निदान सतरंज्या तरी विणायला देतात.

पासपोर्ट मुलाकडे, म्हणजे कैलासकडे. पैसे कैलासकडे. हॉटेलच्या खोलीची किल्ली, जी किल्ली नसून पत्त्यातल्या पानासारखं एक कार्ड होतं, तीही कैलासकडे. नानांनी विमानतळावर बॅग उचलायला हात घातला, तर सून मनीषा म्हणाली, "राहू द्या नाना, तिला चाकं आहेत." दार ढकलायला गेले तर दार आपणहून सरकलं. बेसिनशी हात नेला तर नळ आपणहून वाहू लागला, आणि नाना तोटी शोधेपर्यंत आपणहून बंदही झाला. ज्या देशात नळालाही माणसाची गरज उरली नाही, तिथं सेवानिवृत्त कंडक्टरची कुणाला पडलेली असणार.

सहल कैलासच्या दुकानाला मिळाली होती. मोंढ्यात त्याचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. कंपनीनं सांगितला तेवढा माल त्यानं खपवला, म्हणून कंपनीनं नवरा-बायकोला सिंगापूर दाखवायचं ठरवलं. आईबापाचं तिकीट कैलासनं पदरचं काढलं. ही गोष्ट तो कधी बोलून दाखवत नव्हता. फक्त दर थोड्या वेळानं मागं वळून म्हणायचा, "नाना, तुम्ही काहीच करू नका. नुसते माझ्या मागं मागं या."

नाना मागं मागं जात होते. आयुष्यभर लोकांना "पुढं चला, पुढं चला" म्हणून ढकललं, आणि म्हातारपणी हे असं.

त्यात ती गर्दी. गर्दीचं नानांना वावडं नव्हतं. लग्नसराईत देवगाव रंगारीच्या गाडीत ज्यानं तिकिटं फाडली, त्याला गर्दी म्हणजे माहेर. पण ही गर्दी कुठल्याच अंगानं ओळखीची वाटेना. एवढी माणसं, पण धक्का नाही, शिवी नाही, "दिसत नाय का" नाही. रस्त्यावर एकही वाहन नव्हतं आणि पन्नासेक माणसं लाल दिव्याकडे बघत कडेला गपचूप उभी होती.

"हे कामून थांबलेत?" नानांनी विचारलं.

"सिग्नल आहे, नाना."

"गाडी तर एकबी नाय."

"तरी थांबायचं."

"मंग गाडी आल्यावर काय करतेत?"

कैलास मोबाइलमध्ये बघू लागला. दुकानात उधारी मागायला आलेल्या माणसाशी तो असाच वागतो.

तो दिवस कंपनीनं मोकळा सोडला होता. ज्याचं त्यानं फिरावं, ज्याचं त्यानं जेवावं. सकाळपासून चौघं पायी फिरले, आणि दुपारी आवडाबाईंनी, म्हणजे नानांच्या कुटुंबानं, भर फुटपाथवर संप पुकारला. घरून आणलेल्या दशम्या आदल्या दिवशी संपल्या होत्या. हॉटेलातल्या नाश्त्याला त्यांच्या मते वास येत होता. पायात सुनेनं खास सहलीसाठी घेतलेले बूट होते, आणि ते बूट आवडाबाईंच्या पायांशी पटवून घ्यायला तयार नव्हते.

"मी हितंच बसते," आवडाबाई म्हणाल्या.

"माय, इथं बसलं तर दंड होतो."

"बसल्याचा?"

"होत असंल. इथं कशाचाही होतो."

मग कैलासनं मोबाइल काढला, मोबाइलनं रस्ता दाखवला, आणि चौघं एका भल्यामोठ्या छपराखाली येऊन पोचले. आत खाण्याच्या टपऱ्यांच्या रांगाच रांगा, मधे टेबलं आणि लाल प्लास्टिकची स्टुलं, आणि वर शंभर पंखे. आजूबाजूच्या उंच इमारतींतली सगळी कचेऱ्यांमधली माणसं जेवायला एकदमच खाली उतरली होती. प्रत्येक टपरीपुढं सापासारखी रांग.

मांसाशिवाय काय मिळतं हे प्रत्येक टपरीवर विचारावं लागणार होतं. कैलासचं इंग्रजी विचारण्यापुरतं होतं, उत्तर समजायला मनीषा लागायची, म्हणून दोघांनाही जाणं भाग होतं. कैलासनं गर्दीकडे पाहिलं, आईच्या पायांकडे पाहिलं, आणि नाइलाजानं वडिलांकडे पाहिलं.

"नाना, एक काम कराल?"

नानांनी सदरा खाली ओढून नीट केला.

"चौघांची जागा धरा. माय बसली पाहिजे. बाकी कशाला हात लावू नका."

शेवटचं वाक्य नानांनी ऐकलं नाही. त्यांच्या कानात "जागा धरा" एवढंच घुमत होतं. एखाद्या जुन्या गवयाला कुणी आग्रह करून गायला बसवावं, तसं त्यांना झालं होतं. त्यांनी खांद्यावरच्या झोळीतून गुलमंडीच्या बाजारात घेतलेला पांढरा टॉवेल काढला आणि झटकला.

ज्यांनी लाल डब्यातून प्रवास केलेला नाही, त्यांच्यासाठी इथं थोडं थांबायला हवं. गाडी स्टँडात शिरते, अजून पुरती थांबलेलीही नसते, आणि खिडक्यांतून रुमाल, टॉवेल, पिशव्या, क्वचित एखादं रडणारं लेकरू आत पडायला लागतं. ज्या सीटवर रुमाल पडला ती सीट त्याची. मालक खाली उसाचा रस पीत असला तरी त्याची. हे महामंडळाच्या कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही, आणि म्हणूनच सगळे पाळतात. नियमात आमदारासाठी राखीव सीट लिहिलेली आहे. तिच्यावर नानांनी उभ्या नोकरीत एकही आमदार बसलेला पाहिला नाही. रुमालाच्या सीटवर मात्र रुमालवालाच बसलेला पाहिला.

एकदा खुलताबादला कुण्या पुढाऱ्याच्या भाच्यानं एका म्हातारीचं पटकूर सीटवरून उचलून खाली टाकलं आणि तो स्वतः बसला. नानांचा ड्रायव्हर गयास. त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि लिंबाखाली जाऊन बसला. "बद्रीभाई," तो म्हणाला, "बुढ्ढी का कपडा जगा पे रखवाव, फिर मेरे कू बुलाव. तब तलक मैं चाय पीतूं." पुढाऱ्याचा भाचा होता, पण गाडी गयासची होती. पटकूर जागेवर आलं. दुसऱ्याचा रुमाल उचलणारा माणूस नाना त्या दिवसापासून माणसांत धरत नव्हते.

तर असे नाना टॉवेल घेऊन सिंगापूरच्या टेबलांमधून निघाले. मागं आवडाबाई, लंगडत.

टेबलं भरलेली होती. पण नवल असं, की मधेमधे काही टेबलं रिकामी होती, आणि लोक त्यांच्या बाजूनं नुसते जात होते. नानांनी एका टेबलाशी थांबून पाहिलं. टेबलावर एक छत्री होती. माणूस नाही.

"इसरून गेलं कुणीतरी," नाना म्हणाले.

पलीकडच्या रिकाम्या टेबलावर गळ्यात अडकवायची फीत आणि तिला एका मुलीचा फोटो असलेलं ओळखपत्र.

"हेबी इसरलं. लई येंधळी माणसं."

आता कंडक्टरची एक सवय असते. गाडी रिकामी झाली की शेवटच्या सीटपर्यंत जायचं, बाकाखाली वाकून बघायचं, आणि सापडेल ते डेपोत जमा करायचं. नानांनी आजवर चष्मे जमा केले होते, कवळी जमा केली होती, एकदा जिवंत कोंबडी जमा केली होती आणि एकदा नवरदेवाचा फेटा. बेवारस वस्तूकडे पाठ फिरवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी छत्री काखेत मारली, ओळखपत्र गळ्यात घातलं आणि पुढं निघाले.

"आवो, हे बघा," मागून आवडाबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात टिशू कागदाचं एक छोटं पाकीट होतं. "हितं ठिवलेलं हाये. तिकडंबी हाये. रिकाम्या टेबलावर एकेक."

"सरकारी सोय आसंल. हात पुसायला."

"मंग घेऊ का?"

"पब्लिकसाठीच ठिवलेत. आपुन काय, पब्लिकच."

आवडाबाईंच्या पिशवीत हॉटेलातल्या साबणाच्या वड्या आधीच होत्या. त्यांनी वाटेतल्या एकाही टेबलावर अन्याय केला नाही. एक पाकीट नातीला, एक शेजारच्या सरूबाईला, एक आजारपणात लागेल म्हणून, असं मनाशी पुटपुटत त्यांनी अख्खी रांग साफ केली.

मग नानांनी मधोमधचं, पंख्याखालचं, खांबाला पाठ देता येईल असं टेबल निवडलं. त्यावरचं पाकीट आवडाबाईंनी पिशवीत टाकलं आणि नानांनी त्या जागी टॉवेल असा काही अंथरला, की चारी टोकं चार स्टुलांकडे यावीत. आवडाबाईंनी बूट काढून टेबलाखाली सारले आणि एक लांब श्वास सोडला. नाना बसले नाहीत. जागा धरणाऱ्यानं बसायचं नसतं. त्यांनी टॉवेलाच्या कडेला छत्री ठेवली, ओळखपत्र ठेवलं, आणि डेपोतल्या बाबूसारखे मालकांची वाट बघत उभे राहिले.

मालक येऊ लागले, पण नानांकडे नाही.

पहिली एक मुलगी आली. हातात ट्रे, ट्रेमध्ये वाफाळणारं काहीतरी. ती एका टेबलाशी येऊन थांबली. तिथं निळ्या शर्टातली दोन माणसं नुकतीच बसली होती. मुलीनं टेबलाकडे बघितलं, माणसांकडे बघितलं, टेबलाखाली बघितलं. माणसांनी तिच्याकडे बघून मान डोलावली आणि जेवण चालू ठेवलं. मुलगी ट्रे घेऊन पुढं गेली, परत आली, पुन्हा गेली. मग चष्मेवाला एक जाडा गृहस्थ आला. त्याच्या टेबलावर तर अख्खं कुटुंब बसलेलं. तोही तसाच फिरू लागला. तिसरा आला. चौथी आली. बघता बघता टेबलांच्या मधून गरम अन्न घेऊन फिरणाऱ्या माणसांची एक प्रदक्षिणाच सुरू झाली.

नानांना हे बघवेना.

"ह्यांना काय झालंय? एकजण भांडंना."

"तुमाला काय करायचंय?" आवडाबाई डोळे मिटून म्हणाल्या.

"आगं, भांडलं तर मिटिवता येतं. हे नुसते फिरायलेत."

तेवढ्यात ती पहिली मुलगी तिसऱ्यांदा समोरून गेली, आणि नानांच्यातला कंडक्टर उठून उभा राहिला. त्यांनी निळ्या शर्टवाल्यांच्या टेबलाशी जाऊन हातानं खूण केली. "सरकून घ्या. सरकून घ्या जरा. बाईमाणूस हाये." त्यांना मराठी येत नव्हतं, पण कंडक्टरचा आवाज सगळ्या देशांत सारखाच असतो. दोघं सरकले. नानांनी पलीकडचं एक स्टूल ओढून दिलं, मुलगी बसली. मग जाड्या गृहस्थाला त्यांनी त्या कुटुंबाच्या टेबलावर बसवलं, त्या कुटुंबाच्या पोराला आईच्या मांडीवर दिलं. चौघांच्या टेबलावर सहा, सहाच्या टेबलावर नऊ. कुणी हूं की चूं केलं नाही. ज्याला जसं लोटलं तसा तो बसला. नानांना सिंगापुरात आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटत होतं. डबल बेल मारायला एक दोरी तेवढी हवी होती.

याच आनंदात ते आपल्या टेबलाशी परत आले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत शेजारचं टेबल रिकामं झालं. टाय लावलेला एक पोरगेला साहेब लगबगीनं आला. त्यानं खिशातून टिशूचं पाकीट काढलं, टेबलाच्या मधोमध ठेवलं, आणि रांगेत जाऊन उभा राहिला. पाठोपाठ एक म्हातारा आला. हातात जड ट्रे, हात थरथरताहेत. त्यानं रिकामं टेबल पाहिलं, त्याचा चेहरा खुलला. मग त्याला पाकीट दिसलं. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि तो दुसरी जागा शोधायला निघून गेला.

नाना बघतच राहिले.

"आगं," ते सावकाश म्हणाले, "ह्यो रुमाल हाये."

"कागद हाये," आवडाबाई म्हणाल्या.

"रुमालच हाये. तो पोरगा रुमाल टाकून गेलाय. छत्रीबी रुमालच. आन ह्या पोरीचा फोटोबी."

नाक पुसून फेकायच्या कागदापुढं भुकेला म्हातारा हटतो, हे नानांच्या कल्पनेत कधी आलं नसतं. देवगावच्या गाडीत असला कागद कुणी टाकला असता तर लोकांनी त्याच्यावर बसून पुढं भेळ खाल्ली असती. पण इथं कागदाला मान होता. आणि त्यांनी, बद्रीनाथ कंडक्टरनं, भर दुपारी एका अख्ख्या रांगेचे रुमाल उचलले होते. पुढाऱ्याच्या भाच्यानं तरी एकच उचलला होता.

लिंबाखाली चहा पीत बसलेला गयास त्यांना डोळ्यांपुढं दिसू लागला, आणि तो त्यांच्याचकडे बघत होता.

"किती घेतलेस तू?"

"मोजून घेतेत का कुणी?"

"ऊठ. समदे परत दे. ज्याचा त्याला."

"कोणता कोणाचा, मला काय म्हाईत? समद्यांची तोंडं सारखी, पाकिटंबी सारखी."

"एकेकाला इचार. दाखव आन इचार."

आधी त्यांनी आपल्या टेबलाकडे पाहिलं. इथंही मघाशी पाकीट होतं. म्हणजे ही जागाही कुणाची तरी होती. नानांनी टॉवेलाला हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा टॉवेल स्वतः गोळा केला. आवडाबाईंनी टेबलाखालचे बूट पिशवीत कोंबले. प्रदक्षिणा घालणाऱ्यांपैकी चौघं लगेच तिथं बसले. त्यांच्यातल्या एकानं नानांना वाकून नमस्कार केला, ते नानांना फारच लागलं.

मग दोघं दोन दिशांना निघाले. नाना ओळखपत्र हातात धरून, फोटो एकेका मुलीच्या चेहऱ्याजवळ नेऊन ताडून बघू लागले. फोटोतली मुलगी हसत होती. इथं ट्रे घेऊन फिरणारी एकही हसत नव्हती, त्यामुळे ओळख पटेना. दोघीजणी त्यांना बघून मागं सरकल्या. तिसरीनं आपलं स्वतःचं ओळखपत्र काढून दाखवलं. तिला ते तपासनीस वाटले असावेत.

आवडाबाईंचं काम जास्त सोपं होतं. अनवाणी पायांनी, थोडं लंगडत, त्या टेबलामागून टेबल घेत होत्या. पिशवीतून पाकीट काढायचं, समोरच्याच्या पुढं धरायचं आणि विचारायचं, "बाबा, हे तुमचं का?" पहिल्यानं मान हलवली. दुसऱ्यानं पाकीट घेतलं, खिशात हात घातला आणि आवडाबाईंच्या तळहातावर एक नाणं ठेवलं. त्या दचकल्या. परत द्यायला लागल्या, तर त्यानं त्यांची मूठ आपल्या हातानं मिटवली.

वाटेत नानांची गाठ पडली तेव्हा त्या म्हणाल्या, "आवो, हे पैसे द्यायलेत."

"कामून?"

"खूश व्हत असतील, वस्तू परत मिळाली म्हणून."

"घिऊ नको. वापस कर."

"घेत नायत. एका बाईनं तर कागदबी घेतला नाय, नुसती नोट दिली. माझ्या पायाकडं बघून डोळे पुसले तिनं. सोभाव लई चांगले हायेत."

नेमकं याच वेळी कैलास आणि मनीषा दोन दोन ट्रे घेऊन आले. सगळ्या टपऱ्या पालथ्या घालून त्यांनी एका ठिकाणी परोठे आणि डाळ मिळवली होती. कैलासनं वडिलांना शोधलं. वडील एका परक्या मुलीच्या तोंडाजवळ फोटो धरून उभे होते. त्यानं आईला शोधलं. आई अनवाणी, पसरलेल्या हातानं, टेबलामागून टेबल घेत येत होती, आणि लोक तिच्या हातावर पैसे ठेवत होते.

कैलासनं पहिल्यांदा आजूबाजूला बघितलं, सहलीतले जालन्याचे, बीडचे दुकानदार कुठं दिसतात का ते. मग तो आईकडे गेला.

"माय, हे काय करायलीस?"

"वाटायले."

"काय वाटायलीस?"

"कागद. ज्याचे त्याला."

"मग लोक पैसे कामून द्यायलेत?"

"ते त्यांना इचार. तुला विंग्रजी येतंय."

मनीषानं शेजारच्या टेबलावरच्या बाईला विचारलं. बाईनं हळू आवाजात, नवरा-बायको दोघांकडे अतिशय वाईट नजरेनं बघत, काहीतरी सांगितलं. मनीषा परत आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

"इथं म्हातारी, निराधार माणसं टेबलाटेबलावर जाऊन असे टिशू विकतात म्हणे. लोक दया म्हणून घेतात. त्या बाई विचारत होत्या, सांभाळणारं कुणी नाही का हिला?"

कैलासनं ट्रे हातातच धरून डोळे मिटले. आईबापाचं तिकीट त्यानं पदरचं काढलं होतं.

"नाना," तो डोळे न उघडता म्हणाला, "मी तुम्हाला एकच काम सांगितलं होतं."

"जागा धरली व्हती."

"कुठंय?"

"सोडली."

"कामून?"

"त्याला कारण हाये," नाना म्हणाले, पण रुमालाची सगळी हकिकत उभ्यानं, हातात दुसऱ्याची छत्री असताना सांगण्यासारखी नव्हती.

ती छत्री त्याच वेळी एका गृहस्थानं ओळखली, नानांच्या हातून हलकेच काढून घेतली, आणि आभार मानून निघून गेला. तोही ओरडला नाही. नानांना वाटलं, या देशात कुणी एक शिवी दिली असती तर किती मोकळं वाटलं असतं.

ती सोय आवडाबाईंच्या बाजूला झाली. त्यांच्यासमोर एक म्हातारी येऊन उभी राहिली होती. डोक्याला कापडी टोपी, हातात काठी, आणि गळ्यात अडकवलेल्या पिशवीत टिशूची पाकिटं, गच्च. ती आवडाबाईंपेक्षाही म्हातारी होती आणि चांगलीच तापली होती. तिनं काठी आपटून जे काही सांगितलं, त्यातला एकही शब्द कुणाला कळला नाही, पण आवडाबाईंना सगळं समजलं.

"कैलास, ही कागद इकती. मी हिच्या हद्दीत शिरले."

"माय, तू इकडं ये. आपण जाऊ इथून."

"थांब रे." आवडाबाईंनी आपल्या पिशवीतली उरलेली पाकिटं काढून म्हातारीच्या पिशवीत ओतली. मग मुठीतली नाणी, मग ती नोट. साबणाची एक वडीसुद्धा टाकली. मग दोन्ही हात जोडून म्हणाल्या, "चुकलं, माय. मला म्हाईत नव्हतं."

म्हातारी बोलता बोलता थांबली. तिनं पिशवीत बघितलं, आवडाबाईंच्या लुगड्याकडे बघितलं, अनवाणी सुजलेल्या पायांकडे बघितलं. मग कैलासकडे बघितलं, आणि त्याला उद्देशून तिनं दोन वाक्यं अशा आवाजात सांगितली, की कैलासनं नकळत मान खाली घातली.

त्यानंतर म्हातारीनं आवडाबाईंचा हात धरला. शेवटचे घास घेणाऱ्या चौघांच्या टेबलाशी ती जाऊन उभी राहिली आणि काठीवर हनुवटी टेकून त्यांच्या ताटांकडे बघू लागली. त्या चौघांना घास गिळवेना. ते उठले. म्हातारीनं आपल्या पिशवीतलं एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि आवडाबाईंना खूण केली. आजूबाजूला ट्रे घेतलेली दहा माणसं उभी होती. एकानंही पाऊल उचललं नाही.

"बसा," आवडाबाई घरच्यांना म्हणाल्या. "जागा झाली."

परोठे गार झाले होते. डाळीला गोडसर चव होती. कुणी तक्रार केली नाही. आवडाबाईंनी पहिला परोठा मोडून अर्धा म्हातारीला दिला, आणि बोटं उभी करून तिला लेकरं किती ते विचारलं. तिनंही बोटं उभी केली. मग आवडाबाईंनी कैलासकडे बोट करून सुस्कारा सोडला, आणि दोघी हसल्या. म्हातारी त्यातला थोडा खाऊन, उरलेला टोपीच्या घडीत ठेवून, आपल्या हद्दीत परत गेली.

फोटोवाली मुलगी मधेच कधीतरी येऊन आपलं ओळखपत्र घेऊन गेली. प्रत्यक्षात ती नानांनी आधीच दोनदा तपासून सोडून दिलेली निघाली.

नाना खाली मान घालून जेवत होते. त्यांनी मीठ मागितलं नाही, पाणी मागितलं नाही. समोरचा टॉवेल त्यांनी घडी घालून झोळीत खाली, अगदी तळाशी सारला. आवडाबाई एकदा म्हणाल्या, "जेवा की नीट." त्यावर ते नुसतं "हं" म्हणाले. मनीषानं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. कैलासला ढोसल्याचा अर्थ कळायला थोडा वेळ लागला, पण कळला. त्यानं वडिलांच्या पांढऱ्या डोक्याकडे पाहिलं. देवगावच्या गाडीत लहानपणी तो ज्यांच्या पिशवीला धरून उभा राहायचा ते नाना एवढे लहान कधी झाले, त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

जेवण झालं. खांबावर पाटी होती, पाटीवर ट्रेचं चित्र आणि खाली दंडाची रक्कम.

"नाना," कैलास पाटीकडे बोट दाखवत म्हणाला, "इथं ज्याचा ट्रे त्यानं तिकडं नेऊन ठेवायचा असतो. नाही तर दंड. तुम्ही ठेवून येता का?"

नानांनी मान वर केली. "मी?"

"हां. तुम्हीच."

नाना उठले. त्यांनी चारही ट्रे एकावर एक रचले, वाट्या एका बाजूला, चमचे एका बाजूला. ते ताठ चालत निघाले, आणि पुढं जाणाऱ्यांना बाजूला व्हायला सांगताना त्यांचा आवाजही जागेवर आला. कैलास त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला. आवडाबाईंनी पिशवीतले बूट काढून पायात घालायचा एक प्रयत्न केला आणि सोडून दिला.

ट्रे ठेवायच्या कट्ट्यापाशी कामगार होता. तो नानांना बघून हसला, त्यानं अंगठा वर केला. नानांना इतकं बरं वाटलं, की परत येताना त्यांच्या हातांना रिकामं राहवेना. वाटेत एका टेबलावर कुणीतरी ट्रे तसाच टाकून गेलं होतं. अर्धी शेवयांची वाटी, न उघडलेली चटणीची पुडी, खायच्या दोन काड्या. माणूस नाही. बिचाऱ्याला फुकट दंड पडला असता. नानांनी तो ट्रे उचलला आणि कट्ट्यावर नेऊन ठेवला. कामगारानं वाटी लगेच रिकामी केली.

नाना घरच्यांकडे परतले तेव्हा एक गृहस्थ उसाच्या रसाचा ग्लास घेऊन त्या टेबलाशी आला होता आणि टेबलाकडे बघत उभा होता. टेबलावर काहीच नव्हतं. फक्त त्याचं टिशूचं पाकीट जागच्या जागी होतं. त्याला नानांनी हात लावला नव्हता.